‘घरी न्या, सेवा करा’ सांगतात, पण त्या सेवेचं औषध गावापर्यंत का पोचत नाही?

प्रश्न मराठवाड्यातल्या एका लेकीचा आहे. आईला गालाचा कॅन्सर. मोठ्या शहरात ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले, तरी आजार परत आला. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या तेज वेदनाशामक औषधाच्या, पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, “आता घरी न्या, सेवा करा.” गोळ्या संपत आल्यात. तालुक्यातल्या तीन मेडिकलवाल्यांनी हात वर केले. एकाने तर “असली औषधं इथे मागू नका” म्हणून झटकून टाकलं. तिचं विचारणं असं: हे आपल्याकडेच आहे का? बाहेरच्या देशांत सगळ्यांना ही सेवा मिळते का? आणि आपण पैशाने कमी पडतो की आणखी कशाने?

ताई, मी मूळचा भूलतज्ज्ञ. गेली वीसेक वर्षं फक्त पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बरा न होणारा आजार असलेल्यांचं दुखणं आणि हाल कमी करण्याचं काम करतो. ‘घरी न्या, सेवा करा’ हे वाक्य मी शेकडो घरांत ऐकलंय. ते सांगणारा डॉक्टर वाईट नसतो. पण सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, कोणतं औषध, किती वाजता, संपलं तर कुठे जायचं, हे त्यालाही कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून उत्तर जरा लांबतंय. घाई असेल तर शेवटचा भाग आधी वाचा, आईसाठी आज काय करायचं ते तिथे लिहिलंय.

पैशाचं आधी सांगतो, कारण तोच समज सगळ्यात घट्ट बसलाय. मॉर्फिनच्या साध्या गोळीवर कुणाचं पेटंट नाही आणि ती काही रुपयांत मिळते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१७ साली हिशेब मांडला होता. श्रीमंत देशांना ज्या स्वस्त दराने औषध मिळतं त्या दराने घेतलं, तर साऱ्या जगातला मॉर्फिनचा तुटवडा वर्षाला साधारण १४.५ कोटी डॉलरमध्ये भरून निघेल. अमेरिकेतलं एक मध्यम आकाराचं हॉस्पिटल चालवायला याहून जास्त पैसा लागतो. त्याच अहवालातला दुसरा आकडा मी माझ्या प्रत्येक प्रशिक्षणात फळ्यावर लिहितो. जगात वर्षाला मॉर्फिनच्या मापाने २९८.५ टन अफूजन्य वेदनाशामकं वाटली जातात, आणि त्यातलं सगळ्यात गरीब देशांच्या वाट्याला ०.१ टन येतं. म्हणजे १०० किलो. एका बैलगाडीतसुद्धा त्याने जागा उरेल. भारताला लागेल त्याच्या सुमारे ४ टक्के मिळतं, युगांडाला ११ टक्के, मेक्सिकोला ३६ टक्के आणि हैतीला एक टक्काही नाही.

या यादीत युगांडा आपल्या पुढे आहे, इकडे लक्ष द्या. त्या देशाचं दरडोई उत्पन्न आपल्यापेक्षा बरंच कमी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की दरवर्षी ५ कोटी ६८ लाख माणसांना ही सेवा लागते आणि मिळते ती सुमारे १४ टक्क्यांना. लोकांना वाटतं ही फक्त कॅन्सरवाल्यांची गोष्ट. तसं नाही. हृदय निकामी झालेले, दम लागून रात्र रात्र बसून काढणारे, किडनीचे, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, सगळं विसरत चाललेली म्हातारी माणसं, ही सगळी त्यात येतात. लहान मुलंही येतात, आणि अशी मुलं जवळजवळ सगळी गरीब आणि मध्यम देशांतली असतात.

आता आपल्याकडचं. अफूचा चीक कायदेशीरपणे गोळा करणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांत भारत आहे. मध्य प्रदेशात नीमच आणि मंदसौर, राजस्थानात चित्तोडगड, या पट्ट्यात सरकारी परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूर इथल्या सरकारी कारखान्यांत त्यावर प्रक्रिया होते. कच्चा माल आपल्या मातीतला आहे, तरी आपल्याच माणसाला गोळी मिळत नाही. याचं मोठं कारण १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. नशेच्या धंद्याला आळा घालायला तो आणला, आणि हेतू चुकीचा नव्हता. पण शिक्षा १० वर्षांपासून पुढे, आणि नियम राज्याराज्यांत वेगळे. हॉस्पिटलला थोडं मॉर्फिन ठेवायचं तरी निरनिराळ्या खात्यांचे चार-पाच परवाने एकाच वेळी चालू असावे लागत. एक हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली असे. हॉस्पिटलांनी नाद सोडला, औषध कंपन्यांनी गोळ्या काढणं कमी केलं. देशातला मॉर्फिनचा वापर पुढच्या बारा वर्षांत ९७ टक्क्यांच्या आसपास घसरला. १९९७ साली एवढ्या मोठ्या देशात वर्षभरात वापरलं गेलेलं मॉर्फिन होतं १८ किलो.

हा आकडा नुसता साठ्याचा नाही. त्या वर्षांत डॉक्टर झालेली अख्खी पिढी मॉर्फिन लिहायला न शिकताच बाहेर पडली. मी त्यातलाच. आम्हाला औषधशास्त्रात त्याचे दुष्परिणाम पाठ होते, पण घरी असलेल्या रुग्णाला ते किती आणि कसं द्यायचं हे एकाही प्राध्यापकाने दाखवलं नव्हतं. पुढच्या पिढीला शिकवायला आम्हीच होतो. कायदा बदलता येतो, हातांना नसलेली सवय लावायला जास्त वर्षं लागतात.

कायदा बदललाही. २०१४ साली संसदेने दुरुस्ती केली आणि २०१५ पासून मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक’ म्हणून वेगळी काढली. आता देशभर एकच नियम आहे. हॉस्पिटलने राज्याच्या औषध नियंत्रकाकडे, म्हणजे महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे, अर्ज करायचा आणि ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ व्हायचं. त्यासाठी प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर, कुलपाचं कपाट आणि हिशेबाची वही लागते. डॉक्टरच्या चिठ्ठीवर रुग्णासाठी आणलेलं मॉर्फिन घरात ठेवणं हा गुन्हा नाही, हे तुमच्या मेडिकलवाल्यालाही माहीत नसेल. त्याच्यावर रागावू नका. असल्या गोळ्या बहुतेक मान्यताप्राप्त हॉस्पिटलांतूनच मिळतात, त्याच्या फळीवर त्या कधी आलेल्याच नसतात.

मग दहा वर्षं होऊनही तालुक्यात का नाही? कारण अर्ज करायला कुणीतरी उठावं लागतं. कुठे डॉक्टर घाबरतो, कुठे फार्मासिस्टला वहीची कटकट नको असते. आणि रुग्ण ओरडत नाही. आपल्याकडे कळ सोसणाऱ्या बाईचं कौतुक होतं. कळ सोसत गेलेल्या माणसाबद्दल कुणी तक्रार अर्ज लिहीत नाही.

आता युगांडा. त्यांनी काय केलं ते मला फार शिकवून गेलं. डॉ. अ‍ॅन मेरिमन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९९३ साली कंपाला इथे ‘हॉस्पिस आफ्रिका युगांडा’ सुरू केलं. हॉस्पिस म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारी संस्था. आधी सिंगापूरमध्ये काम करताना त्यांनी एक साधी युक्ती पाहिली होती. मॉर्फिनची भुकटी आणायची, पाण्यात विरघळवायची, टिकण्यासाठी थोडं औषध घालायचं आणि बाटलीत भरायचं. कंपालात सुरुवातीला हे काम स्वयंपाकघरातच चाले आणि पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या धुऊन वापरत. ताकद ओळखू यावी म्हणून रंग दिला. सौम्य औषध हिरवं, त्याहून तेज गुलाबी. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही आपली बाटली कोणती ते कळतं. सरकारने हे औषध रुग्णाला फुकट द्यायचं ठरवलं.

पण बाटली स्वस्त झाली म्हणून भागलं नाही. खेड्यात डॉक्टरच नाही, तर चिठ्ठी लिहिणार कोण? म्हणून २००४ साली युगांडाने नियम बदलून खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना आणि क्लिनिकल ऑफिसरांना (डॉक्टर नसलेल्या, पण रुग्ण तपासणाऱ्या प्रशिक्षित कर्मचाऱ्यांना) मॉर्फिन लिहून द्यायचा अधिकार दिला. माझ्या मते हा या सगळ्या कहाणीतला सर्वांत धाडसी निर्णय आहे. आपल्याकडे मी हे बोललो की डॉक्टरांच्या सभेत कुजबुज सुरू होते. पण रात्री अकरा वाजता वाडीवर रुग्णाचा हात हातात घेऊन बसलेली असते ती परिचारिकाच. तिच्या पिशवीत औषध आहे आणि लिहायचा हक्क नाही, अशाने काय साधणार? युगांडातही सगळं सुटलेलं नाही, ११ टक्के हा काही मिरवायचा आकडा नव्हे. पण त्यांनी वाट अशी काढली जी आपल्यालाही परवडेल.

दुसरी वाट आपल्याच देशातली. १९९३ मध्येच कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा वेदनाशमन दवाखाना सुरू केला. राजगोपालही मूळचे भूलतज्ज्ञच. लवकरच त्यांच्या लक्षात आलं की रुग्णाला दवाखान्यापर्यंत आणणं हाच एक छळ आहे. २००१ पासून उत्तर केरळात शेजारपाजारच्या माणसांचं जाळं उभं राहिलं. रिक्षावाले, शिक्षक, दुकानदार, कॉलेजची पोरं. आठवड्यातले दोन तास द्यायचे, जखम कशी धुवायची, अंथरुणातल्या माणसाला कूस कशी बदलायची हे शिकायचं आणि आपल्याच गल्लीतल्या आजाऱ्याकडे जायचं. बहुतेक पैसाही गल्लीतूनच, चार-चार आठ-आठ रुपयांनी जमलेला. डॉक्टर आणि परिचारिका त्यांच्या पाठीशी. ज्या घरात कमावता माणूस अंथरुणावर आहे, तिथे तांदळाची पिशवी आणि मुलांच्या वह्याही जातात. दुखणं फक्त अंगाचं नसतं. लंडनच्या सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिसच्या संस्थापक डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी ‘संपूर्ण वेदना’ म्हणून हेच मांडलं होतं, की शरीर, मन, पैसा आणि घरच्यांची काळजी हे सगळं मिळून माणसाला दुखतं. केरळने ते तांदळाच्या पिशवीपर्यंत नेलं. २००८ साली केरळ सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आणलं, आणि आज तिथे ग्रामपंचायतीकडे घरोघर जाणारी परिचारिका असते.

“केरळ साक्षर आहे, आपल्याकडे जमायचं नाही” हे वाक्य मला पटत नाही. ज्या गावात सप्ताहाला हजार माणसांची पंगत कुणी न सांगता उठते, बचत गट दर महिन्याला हिशेब चोख ठेवतो आणि आशाताईला प्रत्येक घरातली गरोदर बाई माहीत असते, त्या गावात दोन तास देणारी दहा माणसं मिळणार नाहीत? त्यांच्यामागे उभा राहणारा डॉक्टर आणि कपाटातलं मॉर्फिन मात्र हवं. ते नसेल तर ही माणसं हात चोळत बसतील.

श्रीमंत देशांबद्दल थोडक्यात सांगतो. सॉन्डर्स यांचं हॉस्पिस १९६७ साली सुरू झालं. दुखायला लागल्यावर औषध द्यायचं नाही, दुखू नये म्हणून घड्याळ लावून द्यायचं, ही पद्धत तिथून जगभर रुजली. शेवटच्या दिवसांतल्या काळजीची देशोदेशी तुलना २०१० आणि २०१५ साली झाली, दोन्ही वेळा ब्रिटन पहिला आला. भारत २०१० मध्ये ४० देशांत चाळिसावा होता आणि २०१५ मध्ये ८० देशांत ६७ वा. तरीही ब्रिटनमधल्या हॉस्पिसांना सरकारकडून खर्चाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढाच पैसा मिळतो, बाकीचा देणग्यांतून आणि जुन्या कपड्यांच्या दुकानांतून उभा करावा लागतो. रशियात २०१४ च्या फेब्रुवारीत स्वादुपिंडाचा कॅन्सर असलेले निवृत्त रिअर अ‍ॅडमिरल व्याचेस्लाव अपानासेंको यांनी मॉस्कोत स्वतःवर गोळी झाडून घेतली. घरचे मॉर्फिनच्या चिठ्ठीवर सह्या मिळवायला दिवसभर वणवण फिरले होते. त्यानंतर तिथले नियम सैल करावे लागले. अमेरिकेत उलटा अनर्थ झाला. साध्या पाठदुखीलासुद्धा तेज अफूजन्य गोळ्या वर्षानुवर्षं भरमसाट लिहिल्या गेल्या आणि लाखो लोक बळी पडले. त्या बातम्या वाचून आपल्याकडचे डॉक्टर आणखी दबकले. अमेरिकेतल्या अतिरेकाची किंमत तुमच्या आईने का चुकवावी, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. कपाट, वही आणि प्रशिक्षित माणूस असेल तर दोन्ही टोकं टाळता येतात, केरळात इतकी वर्षं तेच चाललंय.

भीतीबद्दल एक अनुभव सांगतो. एका आजींना मणक्यात पसरलेला कॅन्सर होता. खाटेला धक्का लागला तरी कळ मस्तकात जायची, म्हणून त्यांनी नातीला खाटेवर बसायला मनाई केली होती. मुलगा मॉर्फिनला तयार होईना. “ते चालू केलं म्हणजे संपलंच ना डॉक्टर?” मी दोन तास बसलो, मग तो तयार झाला. चौथ्या दिवशी गेलो तर खाटेवर नातीचं दप्तर पडलेलं होतं. आजी त्यानंतर सात महिने जगल्या. मॉर्फिन मरण ओढून आणत नाही. दुखण्यासाठी बेताने वाढवत दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणंही क्वचितच होतं.

आणि माझी एक चूकही सांगतो. सुरुवातीच्या काळात मी एका काकांना मॉर्फिन दिलं आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध लिहायला विसरलो. आठ दिवसांत त्यांनी गोळ्या बंद केल्या. म्हणाले, “दुखणं परवडलं, पण हे नको.” त्या दिवसापासून मी मॉर्फिनच्या ओळीखाली पोट साफ होण्याच्या गोळीची ओळ लिहिल्याशिवाय पेन ठेवत नाही. तुमच्याही चिठ्ठीवर ती आहे का बघा. नसेल तर मागून घ्या.

आता आईसाठी. गोळ्या संपायच्या आधी, आजच, ज्या हॉस्पिटलने त्या दिल्या तिथे फोन करा आणि पॅलिएटिव्ह किंवा पेन (वेदनाशमन) विभाग मागा. आईला तीनशे किलोमीटर नेऊ नका. बऱ्याच ठिकाणी फाइल आणि जुनी चिठ्ठी घेऊन गेलेल्या नातेवाईकाला औषध मिळतं, पुढच्या वेळी महिन्याभराचं मिळेल का तेही विचारा. त्याच वेळी जिल्हा रुग्णालयातल्या असंसर्गजन्य आजारांच्या कक्षात जा. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली अनेक जिल्ह्यांत पॅलिएटिव्ह केअरचं प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर आणि परिचारिका आहेत, आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांच्या यादीत ही सेवा लिहिलेली आहे. तिथे मॉर्फिन नसेल तर ‘मान्यताप्राप्त संस्था’ व्हायला अर्ज का केला नाही, हे जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी विचारा. तुमच्यासारख्या एका अर्जाने कपाट आलेलं मी पाहिलंय. केरळमधली ‘पॅलियम इंडिया’ ही संस्था राज्यवार केंद्रांची यादी ठेवते, तीही चाळा. मुंबईत टाटा मेमोरियलचा विभाग आहे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन हे १९८६ पासूनचं देशातलं पहिलं हॉस्पिस, त्याची शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे. ही सगळी तुमच्यापासून लांब आहेत, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या गावच्या डॉक्टरने तिथल्या डॉक्टरशी फोनवर बोललं तरी बराच मार्ग निघतो.

औषध एकदम बंद पडू देऊ नका, त्याने दुखणं उसळतं आणि अंगाला कंप, घाम सुटतो. दोन-चार दिवसांची खोट पडणार असेल तर गावच्या डॉक्टरांकडून ट्रॅमाडोलसारखं काही मधल्या काळासाठी घेता येतं, पण मनाने सुरू करू नका. आईला गिळता येत नसेल तर मॉर्फिनची साधी गोळी कुटून पाण्यात देता येते, नाकातल्या नळीतूनही जाते. सावकाश विरघळणारी, १२ तासांची गोळी मात्र कधीच कुटायची नाही. आपली कोणती आहे ते डॉक्टरांना दाखवून विचारा. पहिले काही दिवस गुंगी आणि मळमळ राहील, मग ओसरते. हाक मारली तरी डोळे उघडत नसतील, श्वास फार संथ झाला असेल किंवा लघवी खूप कमी झाली असेल तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा. गालाच्या जखमेला वास येत असेल तर त्याची लाज बाळगू नका. मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक कुटून स्वच्छ धुतलेल्या जखमेवर भुरभुरली की दोन-तीन दिवसांत वास उतरतो. शेजारची माणसं पुन्हा घरात येऊन बसायला लागतात.

साधी गोळी चार-चार तासांनी द्यायची असते. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. दुखो न दुखो, वेळ चुकवू नका. बहुतेक रुग्णांना आम्ही रात्री १० चा डोस दुप्पट लिहून देतो. तसं आईला चालेल का हे डॉक्टरांना विचारून घ्या, म्हणजे रात्री २ चा गजर लावावा लागणार नाही आणि तुम्हालाही सलग झोप मिळेल.